ओटीपी दिला नाही, तरी

'मी कुणालाच ओटीपी दिला नाही, मग पैसे कसे जातील?' कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीसारख्या गावात हा प्रश्न रास्तच आहे, कारण ओटीपी (मोबाईलवर येणारा, एकदाच वापरायचा सांकेतिक क्रमांक) सांगू नका, एवढंच आपल्याला वर्षानुवर्षं बजावलं गेलं. पण बँकमित्राकडे (गावात बँकेचे व्यवहार करून देणारा प्रतिनिधी) अंगठा लावून पैसे काढताना ओटीपी लागतच नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा, एवढ्यावर काम होतं.

म्हणून मशीनवरची रक्कम न बघता अंगठा लावणं म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठवणं. 'ठसा उमटला नाही, परत लावा' असं सांगितलं, तर आधीचा व्यवहार खरंच फसला का, ते आधी पाहावं आणि पावती मागावी. निरक्षर माणसासोबत घरातलं कुणी असलेलं बरं.

आधार क्रमांक कळला की खातं रिकामं होतं, ही भीती चुकीची, ठशासारखी शारीरिक ओळख लागतेच. मात्र सिलिकॉनवर नकली ठसे उठवून फसवणूक झालेली आहे. त्यावर उपाय म्हणजे बायोमेट्रिक लॉक (ठशाचा वापर बंद ठेवणं). आधारच्या अधिकृत ॲपवर तो मोफत लावता येतो. रेशन किंवा सिमकार्डसाठी तात्पुरता उघडावा लागतो.

पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेला लेखी कळवावं. चूक ना खातेदाराची, ना बँकेची, अशा वेळी तीन कार्यदिवसांत कळवल्यास नुकसान खातेदारावर पडत नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्ये केला.