सज्जनपणाची पत

जेम्स स्टुअर्ट या अमेरिकी नटाबद्दल एक मत इतक्यांदा मांडलं गेलं आहे की ते तपासून बघावं असं सहसा कुणाला वाटतच नाही. तो अभिनय करत नसे, जसा होता तसाच पडद्यावर वावरत असे, हे ते मत. चाहते ते कौतुकाने सांगतात आणि न आवडणारे नाक मुरडून, पण मुद्द्यावर दोघांचं एकमत असतं. वरवर पाहिलं तर त्याला आधारही भरपूर सापडतो. पेनसिल्वेनिया राज्यातल्या इंडियाना नावाच्या लहानशा गावात १९०८ साली जन्म, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, प्रिन्स्टन विद्यापीठातून आर्किटेक्चरची पदवी, नाटकाच्या नादाने न्यूयॉर्क आणि मग १९३५मध्ये हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत पगारी नोकरी. सहा फूट तीन इंच उंची, अंगावर मांस नाही, वाक्य अर्ध्यावर सोडून पुन्हा पकडायची सवय. असा माणूस सज्जन दिसला तर त्यात त्याचं कर्तृत्व ते काय? माझं म्हणणं असं आहे की त्याचा सज्जनपणा ही त्याने प्रेक्षकांकडे मिळवलेली पत होती, ती त्याने जाणूनबुजून सांभाळली, आणि चाळिशी उलटल्यावर त्याहूनही जाणूनबुजून पणाला लावली. त्याचे सर्वांत मोठे चित्रपट या खर्चातून उभे राहिले.

सुरुवातीला तर एमजीएमलाही या उंच पोराचं काय करावं ते कळत नव्हतं. १९३६च्या ‘आफ्टर द थिन मॅन’ या रहस्यपटात त्याला नायिकेच्या बहिणीने नाकारलेल्या, तरी तिच्या मदतीला धावणाऱ्या तरुणाची भूमिका मिळाली. चित्रपटभर तो इतका गरीब, इतका समंजस वाटतो की संशय त्याच्याकडे जात नाही. आणि शेवटी खुनी तोच निघतो. पकडला गेल्यावर त्याचा चेहरा क्षणात पालटतो आणि इतके दिवस गिळलेला द्वेष भडाभडा बाहेर पडतो. दृश्य लहान आहे, पण पुढच्या वीस वर्षांचं बी त्यात आहे. तीनच वर्षांनी फ्रँक काप्राच्या ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’ने त्याला मोठा नट केलं. सिनेटमध्ये दिवसरात्र उभं राहून बोलत राहणारा भाबडा तरुण सिनेटर त्यात आहे. आवाज खरोखर घोगरा यावा म्हणून स्टुअर्टने डॉक्टरकडून घशाला औषध लावून घेतलं, ही हकीकत तो स्वतःच सांगत असे. ‘अभिनय न करणारा’ नट एवढा उपद्व्याप करत नाही. शिवाय त्या दृश्यातला स्मिथ नीट पाहिला तर तो फक्त भाबडा नाही. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, समोर कुणी ऐकत नाही तरी थांबायला तयार नाही. त्याची बाजू खरी आहे म्हणून आपण त्याला ध्येयवादी म्हणतो. बाजू खोटी असती तर याच वागण्याला झपाटलेपण म्हटलं असतं.

१९४१च्या फेब्रुवारीत ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’साठी त्याला ऑस्कर मिळालं आणि पुढच्याच महिन्यात तो साधा शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाला. आधी वजन कमी भरलं म्हणून त्याला परत पाठवलं होतं. विमान चालवायचा परवाना त्याच्याकडे आधीपासून होता. १९४३च्या अखेरीस तो इंग्लंडमधल्या टिबनम तळावर बी-२४ बॉम्बफेकी विमानांच्या तुकडीचा प्रमुख होऊन पोहोचला. जर्मनीव्याप्त युरोपवरच्या वीस मोहिमा त्याच्या नावावर अधिकृतपणे नोंदल्या आहेत. चार वर्षांत शिपायाचा कर्नल होऊन तो परतला, आणि आपल्या युद्धातल्या कामगिरीचा वापर चित्रपटांच्या जाहिरातीत करायचा नाही, असा त्याचा आग्रह राहिला.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. अलीकडे त्याच्यावर लिहिणारे बरेच जण म्हणतात की पुढच्या भूमिकांमधला काळोख युद्धाने दिला. त्यात त्याची योजना वगैरे काही नव्हती, जखम होती आणि ती दिसत राहिली. पुरावा म्हणून १९४६चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ दाखवला जातो. पैसे हरवणाऱ्या म्हाताऱ्या काकाची गचांडी धरून ओरडणारा, घरी येऊन पोरांवर खेकसणारा, कोपऱ्यातलं पुलाचं मॉडेल लाथाडणारा जॉर्ज बेली त्यात आहे. युद्धाचा काहीच परिणाम झाला नाही असं म्हणणं मूर्खपणाचं ठरेल. पण या स्पष्टीकरणात दोन अडचणी आहेत. एक तर हा चेहरा १९३६मध्येही होता आणि १९३९मध्येही. तेव्हा युद्ध कुठे होतं? दुसरी अडचण धंद्याची. ‘वंडरफुल लाइफ’चा खर्चसुद्धा त्या वेळी वसूल झाला नाही, आणि पुढच्या वर्षीचा ‘मॅजिक टाउन’ही पडला. लाजत, अडखळत बोलणारा तरुण आता चाळिशीला टेकला होता आणि प्रेक्षकांना त्याचं अप्रूप राहिलं नव्हतं. जुन्या पद्धतीने आता भागणार नाही, काहीतरी कठोर केलं पाहिजे, हे आपल्याला तेव्हा उमगलं, असं त्याने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. जखम खरी असेलही, पण तिचं काय करायचं हे ठरवलं त्यानेच.

ठरवलं कसं, ते १९५०च्या एका करारात दिसतं. युनिव्हर्सल स्टुडिओला ‘विंचेस्टर ७३’ या वेस्टर्नसाठी तो हवा होता, पण त्याचा दोन लाख डॉलरचा भाव झेपणारा नव्हता. त्याचा एजंट लू वॉसरमन याने तोड काढली : मानधन नको, नफ्यातला अर्धा वाटा द्या. असा वाटा घेणारा स्टुअर्ट पहिला नव्हता. मार्क्स बंधूंना तो आधी मिळाला होता. पण या कराराने इतर नटांचे डोळे उघडले. त्या काळी अमेरिकेत सर्वांत वरच्या टप्प्यातल्या उत्पन्नावर ऐंशी टक्क्यांहून जास्त कर होता. एकरकमी मानधन त्यात वाहून जाई. वाटा मात्र वर्षानुवर्षं थोडा थोडा येत राही. या एका चित्रपटातून त्याला सहा लाखांच्या आसपास मिळाले असं मानलं जातं. स्टुडिओने पगारावर नट बाळगायचे आणि वाटेल त्या चित्रपटात उभे करायचे, ही पद्धत तशीही खिळखिळी झाली होती. तिला हा मोठा हादरा बसला, आणि तो दिला हार्डवेअरवाल्याच्या मुलाने. त्यात मला काही विसंगत वाटत नाही. पैशापेक्षा महत्त्वाची बाब अशी की दिग्दर्शक कोण असावा यात त्याच्या शब्दाला वजन आलं. आधी ठरलेला फ्रिट्झ लँग बाजूला झाल्यावर तोवर स्वस्तातले गुन्हेपट करणाऱ्या अँथनी मान याला स्टुअर्टने पसंती दिली, आणि दोघांनी मिळून पाच वर्षांत आठ चित्रपट केले.

त्या पहिल्याच चित्रपटातलं एक दृश्य थांबून पाहण्याजोगं आहे. दारूच्या गुत्त्यात डॅन ड्युरिया हा खलनायक ऐटीत उभा आहे. स्टुअर्ट त्याच्याशी शांतपणे बोलता बोलता एकदम त्याचा हात पिरगाळतो आणि त्याचं तोंड लाकडी फळीवर दाबून धरतो. कॅमेरा जवळ जातो. दात आवळलेले, डोळे फिरलेले. माहिती काढून घेण्यापुरता जोर लागतो त्याच्या कितीतरी पुढे हा माणूस गेला आहे, आणि त्याला ते कळत नाही. हेच एखाद्या नेहमीच्या दांडगट नटाने केलं असतं तर प्रेक्षक ढिम्म हलला नसता. इथे तो दचकतो, कारण मिस्टर स्मिथ त्याच्या ओळखीचा आहे. १९५३च्या ‘द नेकेड स्पर’मध्ये हे आणखी पुढे जातं. पाच हजार डॉलरच्या इनामासाठी एका गुन्हेगाराला पकडून न्यायला निघालेला नायक शेवटी त्याचं प्रेत ओढत चाललेला दिसतो. समजूत घालणाऱ्या मुलीवर तो ओरडतो, ओरडता ओरडता रडू लागतो आणि मग प्रेत पुरायला घेतो. अशा माणसाबरोबर दीड तास राहायला आपण तयार होतो ते केवळ जुन्या ओळखीवर.

दुसरा आक्षेप चित्रपटरसिकांचा. हे सगळं दिग्दर्शकांचं श्रेय. मान आणि हिचकॉक यांच्या हातात स्टुअर्ट ही फक्त माती. ‘व्हर्टिगो’ म्हणजे हिचकॉकचं स्वतःचं वेड, नट निमित्तमात्र. हिचकॉकचं श्रेय कमी करायचं कारण नाही, पण या मातीची चित्रपटाच्या मालकीतही भागीदारी होती. ‘रिअर विंडो’ हा चित्रपट हिचकॉक आणि स्टुअर्ट यांच्या कंपनीचा. मूळ कथेच्या हक्कावरून झालेला वाद १९९०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा निकालाला नाव पडलं ‘स्टुअर्ट विरुद्ध अबेंड’, आणि तो स्टुअर्ट हाच. पाय मोडून खुर्चीत पडलेला, दुर्बिणीतून शेजाऱ्यांची घरं न्याहाळणारा माणूस साकारताना आपण कशात पैसे घातले आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ‘व्हर्टिगो’त तर तो हरवलेल्या स्त्रीच्या साच्यात दुसरीला बसवतो. दुकानात कपड्यांमागून कपडे नाकारतो, ठरावीक राखाडी सूटच हवा म्हणतो. केस रंगवायला ती नाही म्हणते तेव्हा तिची विनवणी करताना तो बोलून जातो की तुला काय फरक पडतो. हे वाक्य स्टुअर्टने जुन्याच मऊ, काकुळतीच्या आवाजात म्हटलं आहे, ‘मिस्टर स्मिथ’मधल्या आवाजात. क्रूरपणा शब्दांत आहे, आवाजात त्याचा मागमूस नाही. हे नटाचं काम आहे. दिग्दर्शकाला कॅमेरा हलवून हे साधता येत नाही.

पत पणाला लावली की कधी बुडतेही. १९५८मध्ये ‘व्हर्टिगो’ फारसा चालला नाही, आणि पन्नाशीचा नायक पंचविशीच्या किम नोव्हाकसमोर थोराड दिसतो अशी कुरकुर झाली. २०१२मध्ये ‘साइट अँड साउंड’ या मासिकाच्या पाहणीत समीक्षकांनी त्याला आजवरच्या चित्रपटांत पहिलं स्थान दिलं, पण तोवर स्टुअर्टला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. सामान्य अमेरिकी माणसाच्या मनात राहिला तो वेगळाच स्टुअर्ट, आणि त्यालाही एक कोरडं कारण आहे. ‘वंडरफुल लाइफ’च्या कॉपीराइटचं १९७४मध्ये नूतनीकरण झालं नाही. फुकटात मिळतो म्हणून टीव्ही केंद्रं दर नाताळात तो दाखवू लागली आणि पडलेला चित्रपट सणाचा भाग झाला. याच सुमारास हिचकॉकबरोबरचे त्याचे चारपैकी चारही चित्रपट हक्कांच्या कारणाने कित्येक वर्षं चित्रपटगृहांपासून दूर होते. एक पिढी वाढली ती अर्धाच नट पाहून. तो मुळात तसाच होता हे मत या अर्ध्या दर्शनातून पक्कं झालं असावं.

माझ्या म्हणण्याला सर्वांत चांगला साक्षीदार मात्र १९५९चा ‘अॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’. ओटो प्रेमिंजरच्या या कोर्टपटात स्टुअर्ट मिशिगनमधला, मासे पकडण्यात रमलेला वकील आहे. खुनाची कबुली दिलेल्या अशिलाला तो कायद्यात कोणकोणत्या सबबी बसतात ते समजावतो, आणि हवी ती सबब त्याच्याच तोंडून निघेपर्यंत वाट पाहतो. स्वतः काही शिकवत नाही. कोर्टात समोर मोठ्या शहरातून आलेला हुशार सरकारी वकील उभा राहिला की हा आपण साधे गावाकडचे वकील असल्याचं ज्यूरीला ऐकवतो. अडखळतो, गोंधळतो, चिडल्यासारखं करतो, आणि जे ज्यूरीच्या कानावर पडायला नको ते नेमकं पाडून घेतो. यात खरं किती आणि नाटक किती हे चित्रपट सांगत नाही. स्टुअर्टचं पाचवं आणि शेवटचं ऑस्कर नामांकन याच भूमिकेसाठी झालं. खटला तो जिंकतो. अशील मात्र फी बुडवून बायकोसह पळून जातो.