पार्सल पोहोचले, पण डाव्या बाजूचा आवाज गेला!

वडिलांच्या काळातला रेकॉर्ड प्लेअर विकून चार दिवस झालेले असतात. पैसे खात्यात जमा झालेले असतात आणि माळा रिकामा झाल्याचे समाधानही असते. अशा वेळी मोबाइलवर खरेदीदाराचा निरोप येतो, ‘झाकणाला तडा गेला आहे, डाव्या स्पीकरमधून आवाज येत नाही, पैसे परत करा.’ सोबत दोन अंधुक छायाचित्रे. पुण्यातून निघताना व्यवस्थित वाजणारे यंत्र नागपूरला पोहोचेपर्यंत मुके कसे झाले, हे विक्रेत्याला उमगत नाही. मग तो ‘माझ्याकडे होते तोवर उत्तम चालत होते’ असे सांगून हात झटकतो, किंवा बदनामीच्या भयाने मुकाट्याने सगळी रक्कम परत करतो. या दोन्ही गोष्टी घाईच्या आहेत. पहिलीतून भांडण वाढते, तर दुसरीत पैसेही जातात आणि बहुधा यंत्रही.

जुन्या ध्वनियंत्रांचा व्यापार मुंबई-पुण्याला नवा नाही. चोरबाजारातील मटण स्ट्रीट, लॅमिंग्टन रोड, पुण्याचा जुना बाजार येथे गिऱ्हाईक समोर उभे राहून यंत्र वाजवून पाही, घासाघीस करी आणि पैसे मोजून खोके उचली. मामला तिथेच मिटे. हा व्यवहार पुढे इंटरनेटवर गेला. ‘बाझी डॉट कॉम’ हे भारतीय संकेतस्थळ २००४ मध्ये ‘ईबे’ने विकत घेतले. तेथे ‘पैसापे’ या व्यवस्थेत खरेदीदाराची रक्कम मधल्या मध्ये थांबवून ठेवली जात असे. ‘ईबे’चे ते भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. आता बहुतेक जुने अ‍ॅम्प्लिफायर, टर्नटेबल आणि स्पीकर छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळांवरून, फेसबुकच्या गटांतून अथवा व्हॉट्सअ‍ॅपवरून हात बदलतात. पैसे यूपीआयने थेट खात्यात येतात आणि मध्ये कोणीही नसते. त्यामुळे तंटा उद्भवलाच तर तो दोन अनोळखी माणसांना आपसात सोडवावा लागतो.

त्यासाठी प्रथम तक्रारीचे तुकडे करावे लागतात. वरील उदाहरणातल्या दोन तक्रारी एकाच वाक्यात आल्या असल्या, तरी त्यांचा परस्परांशी संबंध असेलच असे नाही. झाकणाचा तडा हा प्रवासाचा किंवा बांधणीचा दोष असण्याची शक्यता मोठी. विशेषतः तडा बिजागरीपाशी असेल, तर झाकण न काढता यंत्र पाठवले गेले, हे उघड आहे. डाव्या बाजूचा आवाज न येणे ही मात्र वेगळी गोष्ट. टर्नटेबलच्या सुईमागे जे काडतूस असते, त्याला केसाएवढ्या चार तारा जोडलेल्या असतात. त्यांतली एखादी हिसक्याने निसटू शकते. परंतु दोष खरेदीदाराच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, स्पीकरच्या तारेत किंवा नीट न बसलेल्या पिनेतही असू शकतो.

हे ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. यंत्रे बंद करून अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे टर्नटेबलच्या डाव्या आणि उजव्या पिनांची अदलाबदल करावी व पुन्हा तबकडी लावावी. मुका असलेला डावा स्पीकर आता बोलू लागला आणि उजवा गप्प झाला, तर दोष टर्नटेबलमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे. डावाच पूर्वीसारखा गप्प राहिला, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा स्पीकरमध्ये आहे आणि विक्रेत्याचा त्याच्याशी संबंध नाही. पाच मिनिटांची ही परीक्षा चित्रफितीवर घेण्याची विनंती विक्रेत्याने सौजन्याने करावी. खरोखर अडचणीत असलेला खरेदीदार ती आनंदाने करतो.

तक्रारींत निव्वळ गैरसमजाचा वाटाही मोठा असतो. तबकड्यांकडे नव्याने वळलेल्या तरुण श्रोत्यांना ‘फोनो’ आणि ‘ऑक्स’ या दोन जोडण्यांतला फरक ठाऊक असतोच असे नाही. चुंबकीय काडतुसातून येणारा विद्युतसंकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो आणि तबकडी कोरताना मुद्दाम कमी केलेला खर्ज ‘फोनो’ विभागातच भरून काढला जातो. तीच पिन ‘ऑक्स’मध्ये खोचली, की आवाज क्षीण आणि पत्र्यासारखा येतो व यंत्र ‘खराब’ ठरते. अमेरिकेतून आणलेले टर्नटेबल संथ फिरते, हीही नेहमीची तक्रार. अशा काही यंत्रांतील मोटर विजेच्या ६० हर्ट्झ या वारंवारितेवर चालते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मिनिटाला ३३ पूर्णांक १ तृतीयांश फेऱ्या घेणारी थाळी सुमारे २७.८ फेऱ्यांवर येते. यंत्रात बिघाड नसतो, पण जाहिरातीत हे सांगितले नसेल, तर चूक विक्रेत्याचीच म्हणावी लागेल.

विजेच्या दाबाचे प्रकरण याहून गंभीर. जपानमधील देशी विक्रीसाठी बनलेला अ‍ॅम्प्लिफायर १०० व्होल्टचा असतो. तो थेट आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीतल्या खटक्यात खुपसला, तर क्षणात फ्यूज उडतो, प्रसंगी ट्रान्स्फॉर्मर जळतो. अशा वेळी फ्यूजकडे निरखून पाहावे. काच आतून काळी किंवा चंदेरी झालेली असेल, तर एकाएकी मोठा प्रवाह गेला असे समजावे. काच स्वच्छ आणि आतली तार मधोमध तुटलेली असेल, तर हळूहळू वाढलेल्या भाराचे ते लक्षण असते. हा काही न्यायवैद्यक पुरावा नव्हे, पण संभाषण कोठून सुरू करायचे, हे त्यावरून कळते. तुटलेल्या भागाचा रंगही बोलका असतो. ताजा तडा चकचकीत आणि स्वच्छ दिसतो, तर जुन्या तड्यात धूळ व गंज बसलेला असतो. स्पीकरच्या कडेचे फोम भुगा होऊन गळले असेल, तर तो प्रवासाचा आघात नाही. ते वयोमानाने झालेले आहे आणि विक्रीपूर्वीच दिसायला हवे होते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? वस्तू विक्री कायदा १९३० सालचा आहे (सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांकही १९३० आहे, हा योगायोग लक्षात ठेवायला सोयीचा). या कायद्याच्या कलम २६ नुसार, वेगळे ठरले नसेल तर वस्तूची जोखीम मालकीबरोबर खरेदीदाराकडे जाते. कलम ३९ सांगते, की वस्तू वाहतूकदाराच्या हाती सोपवणे म्हणजे प्रथमदर्शनी ती खरेदीदाराला देणेच होय. एवढे वाचून अनेक विक्रेते निर्धास्त होतात, पण त्याच कलमाचा पुढला भाग वाचत नाहीत. वाहतुकीचा करार वस्तूचे स्वरूप पाहून वाजवी रीतीने करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर आहे. ती त्याने पाळली नाही आणि वस्तू वाटेत बिघडली, तर खरेदीदार त्याला जबाबदार धरू शकतो. अठरा हजारांच्या टर्नटेबलवर ‘घरगुती सामान’ एवढेच लिहून, विमा न उतरवता ते स्वस्तातल्या कुरिअरकडे देणे वाजवी होते, हे सिद्ध करणे कठीण आहे.

‘जसे आहे तसे’ या तीन शब्दांविषयीही गैरसमज फार. वापरलेली वस्तू नव्यासारखी असेल, अशी हमी कायदा घरगुती विक्रेत्यावर लादत नाही, हे खरे. परंतु जाहिरातीत ‘दोन्ही बाजू उत्तम चालू’ असे वर्णन केले असेल, तर वस्तू त्या वर्णनाबरहुकूम असलीच पाहिजे, असे कलम १५ बजावते. ठाऊक असलेला दोष लपवून उलट माहिती दिली, तर प्रकरण १८७२ च्या करार कायद्यातील फसवणुकीत जाते आणि तेथे ‘जसे आहे तसे’ ची ढाल चालत नाही. दुसरीकडे, खरेदीदारालाही अमर्याद मुदत नाही. वस्तू तपासण्याची वाजवी संधी मिळूनही त्याने ती वाजवी काळापलीकडे न कळवता ठेवून घेतली, तर ती स्वीकारली असे मानले जाते. त्यानंतर तो नुकसानभरपाई मागू शकतो, वस्तू नाकारू शकत नाही. ‘आधी स्वखर्चाने परत पाठवा, मग बोलू’ हा विक्रेत्यांचा लाडका पवित्राही टिकणारा नाही. योग्य कारणाने वस्तू नाकारणाऱ्या खरेदीदाराने नकार कळवला की पुरे, ती परत पोहोचवण्याचे बंधन, तसे ठरले नसेल तर, कलम ४३ प्रमाणे त्याच्यावर नाही. म्हणूनच परतीचा खर्च कोणाचा आणि तपासणीची मुदत किती दिवसांची, हे पैसे घेण्याआधी दोन ओळींत लिहून घेतलेले बरे.

आता कुरिअरवाल्याकडे वळू. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या अटी कोणी वाचत नाही, पण न्यायालये वाचतात. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सही केलेल्या पावतीतील जबाबदारीची १०० डॉलरची मर्यादा ग्राहकावर बंधनकारक ठरवली होती. रस्त्याने माल नेणाऱ्या वाहतूकदारांसाठी २००७ चा स्वतंत्र कायदा आहे. अधिक जोखमीचा दर भरून जादा मूल्य जाहीर केले नसेल, तर त्याखालील नियमांनुसार भरपाई सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित राहते. सहाशे रुपये भाडे दिले असेल, तर फार तर सहा हजार. दावा लावण्यापूर्वी माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, तीही विसरू नये. विमा आणि जाहीर केलेले मूल्य यांवर चारशे-पाचशे रुपये वाचवण्यात शहाणपण नाही, ते यासाठी.

घरातले एखादे यंत्र विकणारी व्यक्ती व्यापारी नसते. त्यामुळे तिच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाणे खरेदीदाराला सहसा जमत नाही, त्याची वाट दिवाणी न्यायालयाची. मात्र तीच व्यक्ती कुरिअर कंपनीची ग्राहक असते आणि सेवेतील त्रुटीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत, आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करू शकते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. कुरिअर कंपनीकडे दावा करायचा, तर खोके, आतले थर्माकोल आणि वरचे लेबल खरेदीदाराने फेकून देता कामा नये. ‘सगळे जपून ठेवा आणि खोक्याच्या सहाही बाजूंची छायाचित्रे पाठवा’, हे विक्रेत्याच्या पहिल्या उत्तरातले पहिले वाक्य असावे.

अर्थात, विक्रेत्याकडे स्वतःचा पुरावा नसेल, तर या साऱ्याचा उपयोग थोडा. पाठवण्याच्या दिवशी यंत्र वाजत असल्याची अखंड चित्रफीत, तीत अनुक्रमांक आणि दोन्ही स्पीकर आलटून पालटून ऐकवलेले, आणि त्याच फितीत बांधणी, एवढे तरी हवे. आतल्या भागांचे छायाचित्र घेऊन दोन स्क्रूंवर नेलपॉलिशचा ठिपका द्यावा. चांगली सुई किंवा व्हॉल्व्ह काढून जुने बसवायचे आणि यंत्र ‘सदोष’ म्हणून परत करायचे, हा उद्योग करणारेही बाजारात आहेत. ठिपका फुटलेला दिसला, की कोणीतरी आत हात घातला हे कळते. प्रकरण न्यायालयात गेलेच, तर अशा चित्रफितींसाठी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषणासाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. म्हणून मूळ फीत मोबाइलमधून पुसू नये.

बांधणीविषयी थोडे. टर्नटेबलची जड थाळी, टोनआर्मच्या मागचे वजन आणि झाकण ही तिन्ही काढून वेगवेगळी गुंडाळायची. सुईवर टोपी चढवायची, दांडी तिच्या आधाराला मऊ दोरीने बांधायची. झुलत्या बैठकीच्या यंत्रात प्रवासाचे स्क्रू असतात, ते आवळायचे. मग खोक्यात खोके, आणि दोहोंमध्ये चहूबाजूंनी किमान पाच सेंटिमीटर भरण. अ‍ॅम्प्लिफायरचे बहुतेक वजन एका बाजूच्या ट्रान्स्फॉर्मरमध्ये असते, तेव्हा ती बाजू खाली धरून ‘ही बाजू वर’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे. हमाल ते वाचेलच असे नाही, पण बांधणी वाजवी होती, हे त्या अक्षरांतून दिसते.

एवढे करूनही तक्रार खरी निघाली, तर भांडण न्यायालयापर्यंत नेण्यात अर्थ नसतो. अठरा हजारांच्या यंत्रासाठी नागपूर-पुणे फेऱ्या आणि वकिलाची फी कोणालाच परवडत नाही. समजा, पिनांच्या परीक्षेत दोष टर्नटेबलचाच ठरला. स्थानिक कारागिराने नवे झाकण दोन हजार आणि तार जोडण्याचे पाचशे सांगितले. बांधणी विक्रेत्याची, म्हणून झाकणाचा खर्च त्याने द्यावा आणि तारेचा दोघांनी वाटून घ्यावा. त्याच्या खिशातून सव्वादोन हजार जातात, पंधरा हजार सातशे पन्नास हाती राहतात आणि यंत्र नव्या घरी वाजू लागते. ही तडजोड व्हॉट्सअ‍ॅपवर रकमेसह लिहून, ‘या यंत्राबाबत आता कोणतीही मागणी उरलेली नाही’ असे खरेदीदाराकडून उत्तरात घ्यावे. रक्कम पाठवताना ‘पैसे मिळण्यासाठी’ म्हणून समोरून आलेला क्यूआर कोड स्कॅन करण्याच्या फंदात मात्र पडू नये. विक्री असो वा परतावा, पैसे घेणाऱ्याला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही.

आणि यंत्र परतच घ्यायचे ठरले, तर पार्सल आल्यावर ते उघडण्याचीही चित्रफीत घ्यावी. अनुक्रमांक जुळवावा, नेलपॉलिशचे ठिपके पाहावेत, तबकडी लावून दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि त्याच संध्याकाळी खरेदीदाराला उरलेले पैसे पाठवून द्यावेत.