संगणकावर संगीतरचना शिकताना
२००४ साली आलेल्या गॅरेजबँडसारखी प्रणाली नवशिका प्रथमच उघडतो, तेव्हा पडद्यावरील बटणांचा पसारा पाहून तो गांगरतो. वस्तुतः त्यांतील बहुतेकांना आरंभी हात लावण्याचे प्रयोजन नसते, आणि तंबोरा, तबला व गळा यांना स्वतंत्र ट्रॅक देऊन त्यांचे आवाज परस्परांशी जुळवणे, एवढाच सराव प्रारंभी पुरेसा असतो.

१९८३ साली रूढ झालेल्या मिडी या संकेतपद्धतीचे मर्म मात्र आवर्जून समजून घ्यावे. तीत प्रत्यक्ष ध्वनी नसतोच; कोणता स्वर, केव्हा, किती जोराने वाजवला, एवढीच दप्तरी नोंद राहते, आणि म्हणूनच पियानोच्या नादात वाजवलेली ओळ, एकही स्वर पुन्हा न वाजवता, व्हायोलिनच्या हवाली करता येते. परंतु हे स्वर सामान्यतः सप्तकाच्या बारा समान भागांना बांधलेले असल्याने दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार तेथे आपोआप अवतरत नाही. त्यासाठी पिच बेंडचे चाक फिरवावे, अथवा सरळ माइकसमोर गावे, आणि माझ्या मते हिंदुस्थानी संगीताच्या विद्यार्थ्याने हा दुसरा मार्गच पत्करावा.

तालाची अडचण त्या मानाने अल्प. चार मात्रांच्या चौकटीत त्रिताल निर्वेध बसतो. रूपकासाठी मात्र ती चौकट ध्वनिमुद्रणापूर्वीच सात मात्रांची करून घ्यावी, अन्यथा मेट्रोनोमचा ठळक ठोका समेऐवजी भलत्याच मात्रेवर पडत राहतो.