आद्य कवयित्री महदाइसा



अंगणांत मांडव पडला आणि हळद लागली, कीं आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील झाडीपट्टींत बायका गाणीं म्हणूं लागतात. तीं कोणीं रचलीं असें विचारलें, तर "आजीपासून चालत आलीं," एवढेंच उत्तर मिळतें. मराठींत मात्र लग्नगीतें रचणारी एक प्राचीन स्त्री नांवानिशीं ठाऊक आहे. ती महदाइसा.

तेराव्या शतकांतील ही बालविधवा श्रीचक्रधरस्वामींची शिष्या. लीळाचरित्रांत तिचे प्रश्न पदोपदीं भेटतात. अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपूर येथें श्रीगोविंदप्रभु राहात. बालवृत्तीच्या या सत्पुरुषास एकदां लग्न करावेंसें वाटलें. भक्तांनीं विवाहाचा थाट मांडला, आणि गीतें म्हणण्याचें काम महदाइसेकडे आलें. कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची कथा घेऊन तिनें तेथेंच धवळे रचून गाइले. धवळा म्हणजे लग्नप्रसंगीं वराच्या गौरवार्थ म्हणावयाचें गीत. त्यांचा उत्तरार्ध तिनें मागाहून रचला. ज्ञानेश्वरी १२९० सालची; धवळेही त्याच सुमाराचे. म्हणूनच महदाइसेस मराठीची आद्य कवयित्री म्हणतात.

मग ती शतकानुशतकें अज्ञात कां राहिली? महानुभाव पंथानें आपल्या पोथ्या सांकेतिक लिपींत लिहिल्या. बाहेरच्या माणसास त्या वाचतां येईनात. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं त्या लिपीची उकल केली, तेव्हां कोठें हें दालन सर्वांस खुलें झालें.

इटलींतही असेंच घडलें. माद्दालेना कासुलाना हिचा मॅड्रिगलांचा संग्रह १५६८ सालीं व्हेनिस येथें छापला गेला. पाश्चात्त्य संगीतांत स्त्रीच्या नांवावर छापलेला असा हा पहिला ग्रंथ मानतात. मॅड्रिगल म्हणजे एकच कविता अनेक कंठांनीं, प्रत्येकानें निराळ्या स्वरांत, एकत्र गावयाची. प्रत्येक कंठाची वही वेगळी छापीत. तिच्या १५८३ च्या संग्रहांतील एक वही नाहींशी झाली, आणि पांचांपैकीं एक कंठ गेल्यानें गीतें अपुरीं राहिलीं. पुढें ती वही मॉस्कोच्या ग्रंथालयांत सांपडली, आणि २०२२ सालीं तीं गीतें पुन्हां पूर्ण स्वरूपांत ऐकूं आलीं.

एकीची लिपि उकलली, दुसरीची वही सांपडली. आपल्या घरच्या वृद्धेचें गाणें मात्र कोणत्याच वहींत नाहीं. ती गेली कीं तें गेलें. येत्या लग्नसराईंत तिच्याजवळ घटकाभर बसावें, गाणें उतरून घ्यावें, आणि ज्या मुखांतून तें ऐकलें त्या माउलीचें नांव खालीं अवश्य लिहावें.