ऊन, ड जीवनसत्त्व आणि रक्तातील चरबी

ज्ञानोबांची पालखी फलटण-बरड मागे टाकून सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत शिरली म्हणजे तिचा पहिला मुक्काम ज्या गावी पडतो, ते माळशिरस तालुक्यातील नातेपुते पर्जन्यछायेच्या मुलखात वसलेले असून, तेथे अन्य कोणत्याही जिन्नसाची टंचाई संभवली तरी उन्हाची संभवते असे म्हणण्यास कोणी धजणार नाही. परंतु आकाशात ऊन असणे निराळे आणि ते कातडीवर पडणे निराळे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निरोगी तरुणांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व अपुरे आढळले; पेढीवर किंवा कचेरीत दिवस काढणाऱ्या नातेपुतेकराने हा दाखला परक्या शहराचा म्हणून झटकू नये.

या जीवनसत्त्वाचे आणि कोलेस्टेरॉलचे नाते मुळातच भाऊबंदकीचे आहे. यकृतात व कातडीत कोलेस्टेरॉल सिद्ध होण्याच्या अगदी अलीकडच्या पायरीवर जे द्रव्य असते, त्यावर अतिनील किरण पडले तर त्याचे ड जीवनसत्त्व होते, न पडले तर एक विकर त्याचे कोलेस्टेरॉल करून टाकते. स्टेरॉल द्रव्यांची आणि जीवनसत्त्वांशी असलेल्या त्यांच्या संबंधाची उकल करणाऱ्या आडोल्फ विंडाउस यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यावरून ‘ऊन घेतले की चरबी वितळते’ असा सोयीस्कर निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण शरीर दिवसाकाठी सुमारे एक ग्रॅम कोलेस्टेरॉल घडविते आणि कातडीतला हा खर्च मायक्रोग्रॅमांत मोजावा लागतो, एवढा हिशेब मांडला तरी तो निष्कर्ष डळमळतो.

तरीही उन्हाने चरबी घटते काय, या प्रश्नाचा खरा तपशील आपल्याच शेजारी, पुण्यात, हाती आला. जहांगीर रुग्णालयातील संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, हे जीवनसत्त्व कमी असलेल्या ४० ते ६० वयाच्या पुरुषांचे दोन गट केले : एकाने सकाळी ११ ते दुपारी ३ च्या दरम्यान किमान २० मिनिटे तोंडावर व हातांवर ऊन घ्यायचे, दुसऱ्याने रोज १००० युनिटांची गोळी घ्यायची. २०१७ साली प्रसिद्ध झालेला फैसला मोठा विलक्षण आहे. जीवनसत्त्वाची पातळी दोन्ही गटांत वाढली; पण उन्हातल्या मंडळींचे एकूण कोलेस्टेरॉल आणि घातक समजले जाणारे एलडीएल घटले, तर गोळीवाल्यांचे एकूण कोलेस्टेरॉल उलट चढले. मात्र सूर्याचा पक्षही निर्भेळ विजयी नाही, कारण हितकर मानले जाणारे एचडीएल उन्हाने उतरले आणि गोळीने वाढले! एकाच जीवनसत्त्वाच्या दोन वाटा रक्तात दोन निरनिराळे परिणाम करतात, याचा अर्थ ‘ड वाढले’ एवढ्या एका आकड्यावरून चरबीविषयी भाकीत करणे अशास्त्रीय होय.

अमेरिकेत सुमारे २६ हजार लोकांना पाच वर्षांहून अधिक काळ रोज ड जीवनसत्त्वाची २००० युनिटे अथवा नुसती फसवी गोळी देऊन पाहिले. त्यांच्या हृदयविकारात व पक्षाघातात त्याने फरक पडला नाही. म्हणून या जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची साप्ताहिक पुडी हाडांसाठी वैद्याने दिली असेल तर जरूर घ्यावी, मात्र तिच्या भरवशावर कोलेस्टेरॉलची चालू गोळी परस्पर बंद करू नये. आणि ऊन घ्यायचेच तर आपली सावली आपल्याहून आखूड असताना, खिडकीच्या काचेबाहेर येऊन घ्यावे, कारण जे किरण हवेत ते काच अडवते.