स्वतःचे माप

गतवर्षीच्या सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका वाटण्याचा दिवस. आमच्या नेहमीच्या प्रघाताप्रमाणे आम्ही सर्वाधिक गुणांपासून आरंभ करून क्रमाने नावे पुकारीत होतो. शेवटचे नाव ज्याचे आले, तो नववीतला विद्यार्थी मान खाली घालून पुढे आला व उत्तरपत्रिकेची घडी करून खिशात कोंबून जागेवर गेला. तास संपल्यावर आम्ही त्याची विचारपूस केली, तेव्हा तो घरच्या बोलीत एवढेच म्हणाला, “सर, म्हाका कितेंच येना.”

मला काहीच येत नाही! वास्तविक इंग्रजीच्या त्या पत्रिकेत त्याला 50 पैकी 9 गुण होते, एवढेच सत्य होते. चतुर्थीला वाड्यावरच्या आरत्यांत हाच मुलगा घुमट वाजवू लागला, की थोरामोठ्यांच्या झांजा त्याच्या तालावर चालतात. तरीही ‘इंग्रजी येत नाही’ या वाक्याचे ‘काहीच येत नाही’ हे वाक्य कधी झाले, ते त्याला कळलेही नाही. या दोन वाक्यांमधले अंतर म्हणजेच आत्मसन्मानाचा प्रश्न होय.

आत्मसन्मान म्हणजे आपल्याविषयी आपल्याच मनात असलेला आदर. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1890 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तो एका अपूर्णांकाच्या रूपाने मांडला: अंशस्थानी आपले यश व छेदस्थानी आपल्या आकांक्षा. अंश वाढला तर आत्मसन्मान वाढतो, तसाच छेद कमी झाला तरीही तो वाढतो. जेम्स स्वतःविषयी असे सांगतो, की मानसशास्त्रात कोणी आपल्यापुढे गेला तर आपल्याला लाज वाटते. परंतु ग्रीक भाषेतील अज्ञानाचे आपल्याला काडीइतकेही दुःख नाही. तात्पर्य, अपयश किती लागते, हे आपण आपले मोल कोठे गहाण ठेवले आहे यावर अवलंबून असते. ज्याने ते सगळेच्या सगळे एका गुणपत्रिकेपाशी गहाण ठेवले, त्याला एक वाईट दिवसही निर्धन करू शकतो.

येथे कोणी शंका घेईल, की मग आत्मसन्मान आणि अहंकार यांत भेद तो कोणता? मॉरिस रोझेनबर्ग यांनी न्यूयॉर्क राज्यातील हायस्कुलांच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून 1965 साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आत्मसन्मान मोजण्यासाठी त्यांनी तयार केलेली 10 विधानांची प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. त्यांच्या मते निकोप आत्मसन्मान असलेला मनुष्य स्वतःला इतरांहून श्रेष्ठ समजत नाही. ‘मी पुरेसा चांगला आहे’ एवढेच तो मानतो आणि आपल्या उणिवाही ओळखतो. अहंकाराला उभे राहण्यासाठी दुसऱ्याचा खांदा लागतो. आत्मसन्मान स्वतःच्या पायांवर उभा असतो.

तुमच्या वयात हा प्रश्न अधिक नाजूक होतो. शरीर बदलत असते, आवाज फुटत असतो, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात, आणि सारे जग आपल्याकडेच पाहत आहे असे वाटू लागते. त्यात आता हातातल्या मोबाईलवर इतरांचे निवडक, नटलेले क्षण दिवसरात्र दिसतात व त्यांच्याशी आपण आपल्या साध्यासुध्या दिवसाची तुलना करीत बसतो. ही केवळ क्षणिक खंत म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नव्हे. युलिया सोविस्लो व उलरिक ओर्थ यांनी नैराश्याविषयीच्या 77 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2013 साली प्रसिद्ध केला. नैराश्यामुळे आत्मसन्मान जितका ढासळतो, त्याहून आत्मसन्मान कमी असल्यामुळे पुढे नैराश्य येण्याचा परिणाम अधिक ठळक असल्याचे त्यांना आढळले.

मग मुलांची तोंडभरून स्तुती करावी काय? नाही. रॉय बाउमायस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली असे दाखवून दिले, की आत्मसन्मान फुगवल्याने गुण वाढतात याला फारसा आधार नाही. उलट चांगल्या कामगिरीमुळेच तो काही अंशी वाढतो. क्लॉडिया म्युलर व कॅरल ड्वेक यांच्या 1998 सालच्या प्रयोगांत ज्या मुलांच्या बुद्धीची स्तुती झाली, ती पुढील अपयशानंतर लवकर खचली. ज्यांच्या मेहनतीची स्तुती झाली, ती चिकाटीने टिकून राहिली. म्हणजे पोकळ स्तुती ही भिजलेल्या भिंतीला दिलेला रंग होय. ओल आतच राहते.

विद्यार्थी मित्रहो, यातून तुम्ही काय घ्यावे? ‘काहीच’, ‘कधीच’, ‘नेहमीच’ हे शब्द स्वतःविषयी वापरताना थांबा आणि नेमके काय चुकले ते सांगा. ‘मला काहीच येत नाही’ याला उपाय नाही. ‘मला क्रियापदाचे काळ येत नाहीत’ याला आहे. जिवलग मित्र नापास झाला तर त्याच्याशी जसे बोलाल, तसेच स्वतःशी बोला. आणि उदासी आठवडे दोन आठवडे सरत नसेल, झोप व भूक हरपली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते मनात कोंडून ठेवू नका. आईवडिलांना, शिक्षकांना सांगा. 2022 साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. मदत मागणे हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे.

आणि आम्ही काय घ्यावे? त्या मुलाला ‘काहीच’ हा शब्द आम्हीच शिकवला होता, पट्टीवरच्या क्रमाने नावे पुकारून. त्या दिवसापासून आम्ही तो प्रघात सोडला. उत्तरपत्रिका आता हजेरीपटाच्या क्रमाने, पालथ्या घालून दिल्या जातात, व प्रत्येकीवर पुढे काय करावे याची एक ओळ लिहिलेली असते. तो विद्यार्थी इंग्रजीत अजूनही मागेच आहे. वार्षिक परीक्षेत तो काठावर उत्तीर्ण झाला. परंतु उत्तरपत्रिका मिळताच तिची घडी न करता तो ती आमच्यापाशी घेऊन आला आणि बोट ठेवून म्हणाला, “सर, हें म्हाका येना.”

‘कितेंच’ गेले होते. ‘हें’ उरले होते. एवढ्यावर शिकवण्यास आरंभ करता येतो.