धुरंधरांची माणसं

महादेव विश्वनाथ धुरंधर (1867–1944) हे नाव ऐकलंय का? कोल्हापूरचा हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला आणि पुढे तिथेच त्याने शिकवलं. तिथे इंग्रजी पद्धतीचं वास्तवदर्शी व्यक्तिचित्रण शिकवत. पण मला धुरंधरांच्या तैलचित्रांपेक्षा विसाव्या शतकाच्या सुरुवातीची त्यांची छोटी पोस्टकार्डं जास्त आवडतात. त्यात मुंबईतली रस्त्यावरची माणसं आहेत. एका कार्डावरची नखरेल मोलकरीण तर पाहतच राहावी! चिमटा आहे, पण हिणवणं नाही. कलकत्त्याच्या कालीघाट पटचित्रांत बाबू लोकांची याहून बोचरी टवाळी दिसते.

मुंबईचे तेव्हाचे पोलीस कमिशनर एडवर्ड्‌स यांच्या 'बायवेज ऑफ बॉम्बे'साठी (1912) आणि लेखक रोथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकासाठीही चित्रं धुरंधरांचीच. साहेबांना जातीजमातींचे नमुने हवे असत. धुरंधरांच्या हातून मात्र स्वभाव असलेली माणसं उतरली, असं मला ठामपणे वाटतं. लुगड्याचा नेमका घोळ आणि उभं राहण्याची ढब आपल्या माणसालाच कळते.

त्यांचं 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आत्मकथन मराठीतच आहे. मिळालं तर जरूर वाचा.